धूलकोटचा पत्ता : संदर्भ देण्याच्या रीतीविषयी

पुण्याच्या एखाद्या ग्रंथालयात बसून कोणी 'धूलकोट' हा शब्द सूचीत शोधू लागला, तर त्याला प्रथम भेटते ते बहुधा राजस्थानातील धूलकोट. उदयपूरजवळ आहाड येथे जे प्राचीन टेकाड आहे, त्याला तेथील लोक धूलकोट म्हणतात. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९६१-६२ मध्ये तेथे उत्खनन केले आणि १९६९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आमच्या मनात असलेले धूलकोट मात्र निमाडातले, असीरगड आणि बऱ्हाणपूर ज्या जिल्ह्यात आहेत त्या जिल्ह्यातले एक गाव होय. मराठीत 'धूळकोट' म्हणजे मातीचा तट, आणि मातीचे तट भारतात काही थोडे नाहीत. तेव्हा एका नावाची अनेक गावे असावीत यात नवल नाही. नवल याचे वाटते की, आपल्या मंडळ्यांचे वृत्तान्त लिहिणारे बंधू 'धूलकोट' एवढे लिहून पुढे जातात आणि वाचकाने बाकीचे ओळखून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतात.

बरे, जिल्हा लिहिला म्हणजे भागले असेही नाही. १९०८ मध्ये रसेल यांचे गॅझेटिअर निघाले तेव्हा हा प्रदेश मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य भारतातील खरगोनकडचा निमाडही त्याच राज्यात आला. एकाच राज्यात दोन निमाड झाले, म्हणून इकडच्याला पूर्व निमाड आणि तिकडच्याला पश्चिम निमाड म्हणू लागले. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे 'निमाड जिल्हा', 'पूर्व निमाड' आणि 'बऱ्हाणपूर जिल्हा' अशा तीन नोंदी एकाच गावाच्या असू शकतात, आणि तिन्ही आपापल्या काळी बरोबर. जुन्या कागदात जे नाव असेल ते तसेच ठेवावे आणि आजचा जिल्हा शेजारी कंसात द्यावा, एवढाच यावर उपाय आहे. जुने नाव पुसून नवे घालणे ही दुरुस्ती नव्हे. पुढचा अभ्यासक दप्तरखान्यात बऱ्हाणपूरच्या नावाचे बाड मागेल, आणि कागद मात्र निमाडच्या बाडात पडून राहिलेला असेल.

जे स्थळांचे तेच काळाचे. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, फारुकी सुलतान आदिलशहाच्या वेळचा, एक संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत संस्कृत लेख हीच गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांना नवी वाटेल. रायबहादूर हिरालाल यांनी तो विद्वानांपुढे आणला. त्यात विक्रम संवत् १६४६ आणि शके १५११ असे दोन्ही काल दिले असून महिना पौष आहे. आता शकात ७८ मिळवावे हा नियम आपण शाळेत शिकलो. त्याप्रमाणे १५८९ हे वर्ष येते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, पौषापर्यंत इंग्रजी वर्ष बदलण्याची वेळ आलेली असते, आणि हा लेख प्रत्यक्षात १५९० च्या जानेवारीतला आहे. म्हणजे येथे ७९ मिळवावयास हवेत. संवतातून ५७ ऐवजी ५६ वजा करावयास हवेत. नियम पाठ असणारा येथे चुकतो. मूळ शक, मास आणि तिथी उतरून घेणारा मात्र चुकला तरी त्याची चूक दुसऱ्याला सुधारता येते. जो केवळ '१५८९' असे लिहून मोकळा होतो, त्याची चूक त्याच्याबरोबरच कायम होते.

त्याच शहरात मुमताजमहलचा मृत्यू झाला. काही जुन्या ग्रंथांत त्याची तारीख ७ जून १६३१ आणि इतरत्र १७ जून १६३१ अशी आढळते. वाचक गोंधळतो आणि दोहोंपैकी एका ग्रंथकाराला निष्काळजी ठरवतो. वास्तविक फार्सी साधनांतली तारीख एकच आहे, १७ जिल्काद १०४०. फरक आहे तो युरोपातील दोन पंचांगांचा. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारले, ते इंग्लंडने १७५२ पर्यंत स्वीकारले नाही, आणि सतराव्या शतकात त्या दोहोंत १० दिवसांचे अंतर होते. याचीच एक गंमत सांगण्याजोगी आहे. १६१५ च्या नोव्हेंबरात सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील बऱ्हाणपुरास येऊन शाहजादा परवेझला भेटला आणि आपल्या रोजनिशीत जुन्या पंचांगाने तारखा घालीत होता. त्याच सुमारास दुसरा एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, गोव्याकडे साष्टीत आपल्या 'क्रिस्तपुराणा'च्या छपाईच्या तयारीत होता, आणि तो नव्या पंचांगाने दिवस मोजीत होता. एकाच देशात जन्मलेले, एकाच हिंदुस्थानात असलेले हे दोघे एकाच दिवशी पत्र लिहिते, तर त्यांच्या तारखांत १० दिवसांची तफावत पडली असती.

परंतु संदर्भाच्या प्रश्नाचा सर्वांत बोधक दाखला बऱ्हाणपुरात नाही, तो असीरगडावर आहे. तो ख्रिस्ती लेखकांशी निगडित असल्यामुळे आम्ही त्यावर थोडे थांबणार आहोत.

१६०० मध्ये अकबराने खानदेशच्या फारुकी राज्यावर स्वारी केली. बऱ्हाणपूर लगेच हाती आले, पण असीरगड लवकर पडेना. बादशहाच्या छावणीबरोबर येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेनेडिक्ट द गोएस हे होते. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. तो कसा पडला याविषयी दोन कथा आहेत. अबुल फजलासारखा दरबारी इतिहासकार गडावर पसरलेल्या रोगराईचा आणि गडाच्या स्वामीच्या शरणागतीचा वृत्तान्त देतो. येशूसंघीयांच्या वृत्तान्तात मात्र असे आहे की, खानदेशच्या राजाला सुखरूप परत जाऊ देण्याची शपथ घेऊन खाली बोलावले, मग अडकवून ठेवले, आणि गडावरील अधिकाऱ्यांना सोन्यारुप्याने फितवून गड घेतला. याच वृत्तान्तात अकबराने पाद्र्यांकडून चौलच्या पोर्तुगिजांना तोफांसाठी पत्र मागितले आणि झेवियरने ते देण्याचे नाकारले, हाही प्रसंग आहे.

व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ मध्ये आपल्या अकबरचरित्रात येशूसंघीयांची बाजू खरी आणि दरबारी इतिहासकारांची खोटी ठरवली. ते पुस्तक दीर्घकाळ वाचले गेले आणि त्याच्या आधारे अनेक पाठ्यपुस्तके तयार झाली. 'झेवियर हा प्रत्यक्षदर्शी होता, सबब त्याचा शब्द प्रमाण' हा त्यामागील युक्तिवाद. आमच्यापैकी कित्येकांना हे वाचून बरे वाटले असेल हे आम्ही नाकारत नाही. आपल्या मिशनऱ्याचा शब्द बादशहाच्या चिटणिसापेक्षा खरा ठरला, म्हणून कोणाला आनंद होणार नाही?

आता हा शब्द आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला ते पाहू. झेवियरसारखे धर्मगुरू गोव्याला व युरोपला पोर्तुगीज भाषेत पत्रे पाठवीत. अशा पत्रांवरून फर्नांव गेर्रेरू यांनी पोर्तुगालमध्ये वार्षिक वृत्तान्त संपादित केले. त्यांपैकी १६०० आणि १६०१ या वर्षांचा भाग १६०३ मध्ये छापला गेला. गेर्रेरूंच्या ग्रंथाचा उपयोग करून प्येर द्यु झारिक यांनी फ्रान्समधील बोर्डो येथे फ्रेंच इतिहास लिहिला, आणि त्याचा तिसरा भाग १६१४ मध्ये निघाला. द्यु झारिक कधी हिंदुस्थानात आले नव्हते. त्यांच्या फ्रेंच ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १६१५ पासून कोलोन येथे छापले जाऊ लागले. पुढे इंग्रज इतिहासकारांनी द्यु झारिक वाचला. त्याच्या अकबरविषयक भागाचा इंग्रजी अनुवाद पेन यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. आणि इंग्रजीवरून आपल्या भाषांत आले ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

पत्र, संपादन, पुनर्लेखन, भाषांतर, इतिहास, पाठ्यपुस्तक : अशा या पायऱ्या. यांपैकी प्रत्येक पायरीवर कोणीतरी काही गाळले, काही जोडले, काही स्पष्ट करून सांगितले. त्यामुळे अभ्यासकांपुढे प्रश्न उभा राहिला की, गडाच्या पाडावाच्या कथेतील झेवियरने डोळ्यांनी पाहिलेले किती, छावणीत कानांवर आलेले किती, आणि मागाहून जोडलेले किती? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर हेन्री हेरास यांनी १९२४ मध्ये याच वेढ्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. वाद तेथे संपला नाही. येथे आम्हांला निकाल द्यावयाचा नाही. सांगावयाचे ते असे की, ज्या लेखकाने 'झेवियर म्हणतो' असे लिहिले आणि ज्याने 'द्यु झारिकने गेर्रेरूच्या आधारे दिलेल्या वृत्तान्तात झेवियरच्या नावावर असे आढळते' असे लिहिले, त्या दोघांनी एकच गोष्ट सांगितलेली नाही. दुसऱ्याचे वाक्य अवजड आहे खरे. पण वाद सुटण्याची शक्यता त्याच्याच वाक्यात आहे. पहिल्याने आपण न वाचलेले पत्र वाचल्याचा आभास निर्माण केला. 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' या आज्ञेचा अर्थ शिकवताना आपण न्यायालयातील साक्षीची उदाहरणे देतो. तळटीप हीदेखील साक्षच आहे, आणि येथे शेजारी म्हणजे अकबरही आहे व झेवियरही.

यावरून एक साधी रीत निघते. आपण ज्या पुस्तकात मजकूर वाचला त्या पुस्तकाचा संदर्भ द्यावा, आणि त्या पुस्तकाने ज्याचा आधार घेतला त्याचे नाव 'मधून उद्धृत' असे म्हणून जोडावे. मूळ ग्रंथ हातात घेतलेला नसताना त्याचा पृष्ठांक देणे ही आपल्याकडील लेखांत वारंवार दिसणारी गोष्ट आहे. ती विद्वत्तेच्या हौसेने होते, कपटाने नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी परिणाम एकच.

पवित्र शास्त्राचे संदर्भ देण्यात आपले पाळक व धर्मशिक्षक तरबेज असतात, आणि म्हणूनच तेथील अडचणी त्यांच्या सहसा ध्यानात येत नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांच्याकडे जाते. नव्या करारातील वचनांचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत घातले. त्यापूर्वी दीड हजार वर्षे मंडळी आकड्यांवाचून शास्त्र उद्धृत करीत होती. इब्री लोकांस पत्र लिहिणारा आठवे स्तोत्र उद्धृत करतो, तेव्हा कोणीतरी कोठेतरी साक्ष दिली आहे एवढेच म्हणतो. त्याच्या श्रोत्यांना स्तोत्र पाठ होते, त्यामुळे भागले. मार्कच्या पहिल्या अध्यायाच्या आरंभी जुन्या हस्तलिखितांत यशयाचे नाव आहे, पण उद्धृत शब्दांचा पहिला भाग मलाखीशी जुळतो. पुढच्या काही नकलकारांनी यशयाचे नाव काढून 'संदेष्ट्यांच्या' असे मोघम केले. मत्तय २७:९ मध्ये यिर्मयाचे नाव आहे, शब्द मात्र बव्हंशी जखऱ्याचे. या स्थळांची उत्तरे टीकाकारांनी परोपरीने दिली आहेत. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या नकलकाराची कृती लक्षात घेण्यासारखी आहे. अडचणीचा संदर्भ त्याने गुळगुळीत करून टाकला, आणि आज पाठचिकित्सा करणारा त्याच गुळगुळीतपणावरून ओळखतो की हा पाठ नंतरचा.

स्तोत्रांच्या बाबतीत तर रोजचाच घोटाळा आहे. जुन्या कॅथलिक ग्रंथांत वुल्गाताप्रमाणे स्तोत्रांची गणना असते आणि बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात इब्री गणनेप्रमाणे. पश्चात्तापाचे जे स्तोत्र आपण ५१ वे म्हणतो ते तेथे ५० वे. शिवाय इब्री मुद्रित प्रतींत स्तोत्राचा मथळा वचनांत मोजतात, त्यामुळे याच स्तोत्राच्या वचनांचे आकडे दोनाने पुढे सरकतात. जुन्या लॅटिन प्रार्थनापुस्तकावरून टिपण करणाऱ्याने आकडा तसाच ठेवला, तर त्याचा वाचक भलतेच स्तोत्र उघडून बसेल. लेखाच्या आरंभी एकदाच 'स्तोत्रांचे आकडे अमुक भाषांतराप्रमाणे' असे सांगितले तर हे टळते. भाषांतराचे नाव तर सांगितलेच पाहिजे. पंडिता रमाबाईंचे, १९२४ मध्ये मुक्तिमिशनने पूर्ण प्रसिद्ध केलेले भाषांतर आणि बायबल सोसायटीचे भाषांतर यांतील शब्द एक नाहीत. शब्दावर उपदेश उभारावयाचा असेल तर तो शब्द कोणाचा हे श्रोत्याला कळले पाहिजे.

फादर स्टीफन्सच्या ग्रंथाने या बाबतीत आपल्याला मोठी सोय करून दिली आहे. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही. १९०७ मध्ये सल्ढाणा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांवरून ते संपादित केले, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ते देवनागरीत आणले, आणि जस्टिन ॲबट यांनी १९२३ मध्ये लंडनच्या मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. या सगळ्यांचे पृष्ठांक अर्थातच निराळे. पण ग्रंथाची रचना पुराण, अवस्वरू आणि ओवी अशी आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९. तेव्हा 'दुसरे पुराण, अवस्वरू अमुक, ओवी अमुक' असे लिहिले की कोणतीही आवृत्ती हाती असलेला वाचक त्या जागेजवळ तरी पोहोचतो. 'जवळ तरी' असे आम्ही म्हणतो, कारण ओव्यांच्या आकड्यांवर सर्वस्वी विसंबून राहता येत नाही. यास्तव आवृत्तीही सांगावी. शिवाय मार्सडन प्रतीतील शब्द छापील प्रतींहून अधिक संस्कृतप्रचुर आहेत. 'स्टीफन्सने अमुक शब्द वापरला' असे म्हणणाऱ्याने कोणत्या प्रतीतला हे न सांगितल्यास तो काहीच सांगत नाही.

तुकोबांचे अभंग उद्धृत करण्याची आवड आपल्या वक्त्यांत रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काळापासून आहे आणि ती स्तुत्य आहे. परंतु शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ व १८७३ मध्ये काढलेल्या गाथेतील अभंगांक आणि बाजारात मिळणाऱ्या इतर गाथांतील अभंगांक जुळत नाहीत. ज्ञानेश्वरीतही राजवाडे यांच्या प्रतीतील ओव्यांची संख्या सांप्रदायिक प्रतींहून कमी भरते. नुसता आकडा दिला आणि गाथेचे नाव दिले नाही, तर समोरच्या वारकऱ्याने वही उघडून 'हा अभंग येथे नाही' म्हटल्यावर आपली मान खाली जाते. अभंग खरा असूनही वक्ता खोटा पडतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगून टाकू. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा प्रत्येक पत्राला लेखांक घातला. आजही अभ्यासक 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक' असाच संदर्भ देतात. पृष्ठ बदलले तरी पत्र सापडते. आपल्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांत हीच सोय आयतीच असते, कारण प्रत्येक नोंदीला वर्ष आणि अनुक्रमांक असतो. तरीही आपले वृत्तान्तलेखक 'चर्चच्या जुन्या नोंदींवरून' एवढेच लिहितात. कोणत्या चर्चच्या, कोणत्या वहीच्या, कितव्या नोंदीवरून? वही वाळवीने खाल्ली तर निदान तिच्यात काय होते याचा दाखला आपल्या लेखात उरला असता.

नावांच्या बाबतीत एक शब्द. आडनाव आधी ही पद्धत सूचीसाठी सोयीची आहे, पण 'टिळक' एवढ्याने नारायण वामन, लक्ष्मीबाई की बाळ गंगाधर हे कळत नाही, म्हणून नाव पूर्ण द्यावे. पंडिता ही पदवी आहे, तेव्हा रमाबाई 'र' मध्ये याव्यात. बाबा पदमनजी 'प' मध्ये. धूलकोट, धूळकोट आणि धुळकोट यांपैकी एक रूप मुख्य धरून बाकीच्या दोहोंवरून त्याकडे निर्देश करावा.

आता पुन्हा त्या गावाकडे वळू. धूलकोटच्या आसपासच्या एखाद्या पाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा वृत्तान्त तेथील धर्मशिक्षकाने लिहावयास घेतला आहे असे समजा. त्याच्यापुढे ना गेर्रेरू आहे ना राजवाडे. आहेत त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, त्याही बारेली किंवा निमाडी बोलीत. अशा लेखकाला आमच्याकडील काही संपादक 'संदर्भ नाहीत' म्हणून लेख परत करतात, आणि मग तो पुढच्या खेपेस कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकातून चार तळटीपा उचलून लेखाखाली लावतो. दोष कोणाचा? आमच्या मते संपादकाचा अधिक. तोंडी साक्ष ही साक्षच आहे, आणि तिचाही संदर्भ देता येतो. सांगणाऱ्याने संमती दिली असेल तर त्याचे नाव, नसेल तर 'गावातील एक वृद्ध स्त्री' असे. अंदाजे वय, गाव व जिल्हा, ऐकल्याची तारीख, कोणत्या भाषेत ऐकले, भाषांतर कोणी केले, आणि ती व्यक्ती स्वतः पाहिलेले सांगत आहे की सासूकडून ऐकलेले. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. असीरगडाचा सगळा वाद तेवढ्याच एका बाबीवर अडून राहिला आहे.

नाव देण्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्या. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानंतर राज्यात १९६८ चा आणि पुढे २०२१ चा, असे धर्मांतरविषयक दोन कायदे झाले. हयात व्यक्तीचे नाव, गाव आणि बाप्तिस्म्याचे वर्ष एका ओळीत छापणे ही अशा ठिकाणी केवळ ग्रंथसूचीची बाब राहत नाही. नाव झाकले तरी नोंद झाकू नये. मूळ टिपण स्वाक्षरी व तारखेसह मंडळीच्या दप्तरात ठेवावे आणि लेखात 'टिपण मंडळीच्या दप्तरात' असे लिहावे. उलट ज्याने पूर्वजांची नावे आग्रहाने सांगितली, त्याची नावे आपल्या भीतीपोटी गाळणे हाही अन्यायच.

त्या धर्मशिक्षकाच्या टिपणाचा मथळा आम्हांला असा दिसतो : धूलकोट परिसर, बऱ्हाणपूर जिल्हा (२००३ पूर्वी पूर्व निमाड), मध्य प्रदेश. सांगणारी, वय सुमारे ८०. बारेलीत सांगितले, मुलाने हिंदीत सांगितले, मी मराठीत लिहिले. पाड्यावर पहिली प्रार्थना झाली तो दिवस तिने पाहिला नाही. तिच्या आईने पाहिला, आणि होळीनंतर महुआ वेचण्याच्या दिवसांत तो होता असे आई सांगे.